रुईवरची अळी आणि बोंडातली अळी

(मुदखेड येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीत कापसाचा भाव, पीकविमा, बँकेचं कर्ज, रात्रीची वीज यांवर बोलणं व्हायचंच आहे. त्यासाठी पुढचे वक्ते तयारीनं आलेले आहेत. आमच्या वाट्याला अर्धा तास आला आहे आणि या अर्ध्या तासात आम्ही एका फुलपाखरावर बोलणार आहोत. मागच्या ओळीतली मंडळी हसली, ते आम्ही पाहिलं. हसा, हरकत नाही. फुलपाखरू हा शाळेतल्या पोरांचा विषय, कोरडवाहू कापूसवाल्याला त्याचं काय, असं आम्हालाही वाटत होतं. पण या फुलपाखरापायी आमचा पैसा गेला. शेतकऱ्याचा पैसा जिथं जातो तो विषय शेतकऱ्याचाच असतो.

झालं ते असं. गुलाबी बोंडअळीनं घर बसवलं त्याच्या पुढच्या साली गावात सगळ्यांच्या मनात धाक होता. पऱ्हाटी पात्यावर आली होती. एक दिवस शेजारच्या घरचा पोरगा प्लास्टिकच्या डब्यात पाच-सहा अळ्या घेऊन आला. कापसाच्या धुऱ्यावर सापडल्या म्हणाला. करंगळीएवढ्या लांब, अंगभर काळे, पांढरे, पिवळे पट्टे, आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. असली अळी आमच्यापैकी कुणी नीट पाहिली नव्हती. एकजण म्हणाला ही नवी लष्करी अळी, दुसरा म्हणाला ही बाहेरच्या देशातून आली. तास-दोन तासांत गावभर झालं की नवी अळी आली. आम्ही चार-सहा जण डबा घेऊन तालुक्याला गेलो. दुकानदारानं डब्यात नीट डोकावलंसुद्धा नाही. दोन औषधं काढून दिली, एकात दुसरं मिसळा म्हणाला. आम्ही उधारीवर आणली आणि दोन दिवस धुऱ्यासकट सगळी पऱ्हाटी धुऊन काढली.

नंतर आमच्यातल्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "अरे, ती अळी कापूस खाताना कुणी पाहिली का?"

कुणीच पाहिली नव्हती. सगळ्यांनी पाहिली ती धुऱ्यावरच्या रुईवर. काकांनी पोराला पुन्हा रुईकडं पाठवलं. दोन अळ्या वाचल्या होत्या. एका डब्यात त्यांना कापसाचं पान दिलं, दुसऱ्यात रुईचं. कापसाचं पान सकाळी होतं तसंच राहिलं. रुईचं पान संध्याकाळपर्यंत अर्धं झालं. मग कापसाच्या डब्यातली अळीही रुईवर टाकली. दहा-बारा दिवसांनी डब्याच्या झाकणाला हिरव्या मण्यासारखे दोन कोष लटकले, आणि आठवड्यानं त्यातून दोन नारिंगी फुलपाखरं बाहेर आली. आम्ही पंप पाठीला बांधून ज्याच्याशी लढलो तो शत्रू हा होता.

हे फुलपाखरू ओळखा

हे फुलपाखरू तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. फक्त कधी थांबून पाहिलेलं नाही. पंख पसरले तर सात-आठ सेंटीमीटर भरतील. रंग भाजलेल्या विटेसारखा नारिंगी. पुढच्या पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा तिरपा पट्टा. पंखांना काळी किनार आणि किनारीत पांढरे ठिपके. मागच्या पंखाच्या मधोमध तीन काळे ठिपके. नराला त्याच जागी चौथा एक ठिपका जास्त असतो, म्हणून नर-मादी लांबून ओळखता येतात. डोकं आणि छाती काळी, तिच्यावर पांढऱ्या टिकल्या.

मराठीत अभ्यासक याला बिबळ्या कडवा म्हणतात. शास्त्रात याची नोंद लिनियस नावाच्या स्वीडनच्या पंडितानं १७५८ मध्ये केली. पण माणसानं त्याला त्याच्या फार आधी ओळखलेलं आहे. इजिप्तमध्ये तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात भिंतीवर पक्ष्यांच्या शिकारीचं चित्र आहे. त्या चित्रात हेच फुलपाखरू काढलेलं आहे, आज तो भिंतीचा तुकडा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आफ्रिकेपासून आपल्या देशातून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत याचा वावर. आपलं मुदखेड जंक्शन आहे, इथून एक गाडी आदिलाबादला जाते, एक धर्माबादकडं. हा गडी बिनतिकिटाचा त्याच्याही पलीकडं पोचलेला आहे.

२०१५ मध्ये महाराष्ट्रानं ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. ते मोठं, काळं-निळं, झाडीत आणि भरपूर पावसाच्या मुलखात रमणारं. त्याच्या मानाला आमची हरकत नाही. पण आमच्या काळ्या रानात, उन्हात, पडीक बांधावर, पाऊस कमी पडो की जास्त, जे बारा महिने दिसतं ते हे रुईचं फुलपाखरू. हे कोरडवाहू फुलपाखरू आहे, आपल्या बिरादरीतलं आहे.

विष खाऊन जगणारा

मादी रुईच्या पानाखाली एकेक अंडं घालते. ढीग घालत नाही. तीन-पाच दिवसांत अळी बाहेर येते. आधी अंड्याचं टरफल खाते, मग पान. आता रुईचा चीक कसला असतो हे तुम्हाला सांगायला नको. डोळ्यात गेला तर डोळा जायची पाळी येते. शेळी सगळ्या बांधाचा पाला खाते, पण रुईला सहसा तोंड लावत नाही. त्या चिकात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. ही अळी मात्र त्यावरच वाढते. कशी? पान खायच्या आधी ती पानाची शीर चावून तोडते किंवा पानाला गोल चर पाडते. चीक तिथंच गळून जातो, मग पुढचं पान आरामात खाते. कालव्याचं गेट पाडून खालचं पाणी अडवावं, तसा प्रकार आहे.

जे विष पोटात जातं ते ती अंगात साठवते. अळी, कोष, फुलपाखरू, सगळं कडू. नर आणखी एक करतो. ताग, घागरी, भुरुंडी यांच्या वाळलेल्या देठांवर घोळक्यानं बसून तो एक कडू रस शोषतो. त्यातून त्याला मादीला बोलवायचा गंधही मिळतो आणि अंगाला आणखी कडवटपणाही. सगळी फुलपाखरं सारखीच कडू नसतात, काहींत विष जास्त, काहींत कमी. पण पक्ष्याला हे बाहेरून कळत नाही.

पोरवयाच्या पक्ष्यानं एकदा हे फुलपाखरू तोंडात घेतलं की तोंड कडू होतं, ओकारी येते. तो पक्षी पुन्हा नारिंगी-काळ्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून हे फुलपाखरू उडताना घाई करत नाही. दुसरं फुलपाखरू सावली पडली तरी झपकन पळतं. हा सावकाश, खालून, पाटलासारखा जातो. पकडलं तर मेल्याचं सोंग घेतं आणि सोडलं की उडून जातं. त्याचं कातडंही चिवट, एखादी चोच लागली तरी निभावतं.

याचा अर्थ काय? त्याचा रंग ही शोभा नाही. ती पाटी आहे. "मी विषारी आहे, मला खाऊ नका", असं लिहिलेली पाटी.

आमच्या डब्यावरची पाटी

आता मंडळी, हीच पाटी आपल्याही घरात आहे. फवारणीच्या औषधाचा डबा आठवा. त्यावर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. कीटकनाशकाच्या १९७१ च्या नियमांनी ही पाटी डब्यावर सक्तीची केलेली आहे. चिमणीएवढा पक्षी एका चोचीत रंग वाचायला शिकतो. आम्ही शेतकरी वर्षानुवर्षं डबे फोडतो, आमच्यातल्या किती जणांनी त्रिकोणाचा रंग पाहून औषध निवडलं? इथं हात वर करायला आम्ही सांगत नाही, कारण आमचाच हात वर जाणार नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते विसरू नका. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, किडीचा जोर होता, मिसळून-मिसळून औषधं मारली गेली. वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं मेले, शेकडो दवाखान्यात पडले. मेले ते बहुतेक पाठीवर पंप घेतलेले लोक होते, त्यांत दुसऱ्याच्या रानात रोजानं फवारणारेही होते. आम्ही त्या रुईच्या अळीसाठी दोन औषधं एकत्र करून दोन दिवस फवारलं. आमच्यातल्या एकाला संध्याकाळी चक्कर आली, डोळ्यांपुढं अंधारी आली. तो निभावला. निभावला नसता तर आम्ही कोणाला काय सांगितलं असतं? कापसाला तोंडही न लावणाऱ्या अळीसाठी माणूस गेला, असं?

अळीची पाटी वाचता आली असती, तर डब्याची पाटी वाचायची वेळच आली नसती.

खरं आणि नकली

या फुलपाखराच्या गोष्टीत पुढं जे आहे त्यासाठी आम्ही खरं तर इथं उभे आहोत.

छोटा चांदवा नावाचं एक फुलपाखरू आपल्याकडं आहे. त्याचा नर काळा, पंखांवर मोठे पांढरे चांद, भोवती जांभळी झाक. मादी मात्र नराच्या तोंडवळ्याची नाहीच. ती हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी. तोच विटकरी नारिंगी रंग, तीच काळी टोकं, तोच पांढरा पट्टा. चालसुद्धा तशीच संथ. पण ही कडू नाही. हिची अळी रुई खात नाही, आपल्या रानातली घोळाची भाजी खाते. म्हणजे माल गोड आणि पाटी विषाची. पक्षी फसतो, हिला सोडून देतो.

हेन्री बेट्स नावाचा एक इंग्रज अकरा वर्षं ॲमेझॉनच्या जंगलात फुलपाखरं गोळा करत फिरला आणि १८६२ मध्ये त्यानं अशा नकलेचा उलगडा मांडला. त्यात एक मुद्दा आहे, तो नीट ऐका. नक्कल तोपर्यंतच चालते, जोपर्यंत खरी फुलपाखरं रानात भरपूर आहेत. पक्ष्याला दहातली आठ-नऊ कडू लागली तर तो रंगाचा मान राखतो. नकली वाढली आणि दर दुसरं गोड लागायला लागलं, की पक्ष्याचा त्या रंगावरचा विश्वास उडतो. मग तो खऱ्यालाही खातो आणि नकलीलाही. नकलीची गर्दी खऱ्याला बुडवते.

आता बियाण्याच्या पिशवीकडं या. खरेदीच्या दिवसांत त्याच नावाची, त्याच चित्राची, अक्षरात जरासा फरक असलेली पिशवी आपल्या हातात पडते. बिल मिळत नाही. उगवलं तर उगवलं, नाही तर दुबार पेरणी. आणि पुढच्या वर्षी काय होतं? आपला खऱ्या वाणावरचाही भरवसा जातो. मग शेजारी म्हणेल ते, दुकानदार पुढं करील ते, चित्र चांगलं दिसेल ते आपण घेतो. आपल्या नांदेडचं नाव एके काळी गावरानी कापसानं होतं. पुढं नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रातून नांदेड-४४ हा संकरित वाण आला आणि कोरडवाहू रानात त्यानं नाव कमावलं. ते नाव कशावर उभं होतं? पिशवीवरच्या चित्रावर नाही, आतल्या सरकीवर.

चांदव्याची मादी आणि खरा कडवा यांच्यात फरक कसा करायचा? मागचा पंख पाहायचा. खऱ्याला मधोमध तीन ठिपके. नकलीला ते नाहीत, पंखाच्या वरच्या कडेला एकच काळा डाग आणि कडेला दातेरी पांढरी नक्षी. एवढाच फरक. उडताना दिसत नाही, बसल्यावर पाहिलं तर दिसतो. पिशवीचंही तसंच. दुकानाच्या गर्दीत दिसत नाही. उजेडात बसून लॉट नंबर, चाचणीची तारीख, मुदत आणि बिलावरचं नाव ताडून पाहिलं तर दिसतं. पेरल्यावर पिशवी, टॅग, बिल आणि मूठभर बी बाजूला ठेवलं तर तक्रारीला पुरावा राहतो. पिशवी चुलीत घातली की तक्रारही चुलीत गेली.

खरा शत्रू दिसतो कसा

चट्टेपट्ट्यांची, शिंगांची, भीती वाटावी अशी अळी निरुपद्रवी निघाली. मग आपला कापूस खाणारी कशी दिसते?

गुलाबी बोंडअळीचा पतंग पाहिला आहे का? करंगळीच्या नखाएवढा. मातकट, करडा, अंगावर पुसट डाग. दिवसा जमिनीच्या भेगेत, पाल्याखाली लपतो, रात्री फिरतो. दिव्यावर आला तरी आपण हातानं झटकून टाकतो. त्याच्यावर कसलीच पाटी नाही. त्याची अळी लहानपणी पांढरी, डोकं काळसर, मोठी झाल्यावर गुलाबी. ती पात्यात, फुलात शिरते, फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं, त्यालाच आपण डोमकळी म्हणतो. पुढं बोंडात शिरते आणि आत जायचं भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, आत सरकी खाल्लेली. फुटल्यावर हाती येते ती कवडी.

बीटी कापूस आपल्या देशात २००२ मध्ये आला. दोन जनुकांचा वाण २००६ मध्ये आला. हिरव्या बोंडअळीवर त्यानं फवारे वाचवले, हे आपण भोगलं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण सगळीकडं एकच औषध कायम राहिलं तर कीड त्याला पचवायला शिकते, जशी आपली कडव्याची अळी रुईचा चीक पचवायला शिकली. गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही हे २०१० पर्यंत उघड झालं. २०१७ मध्ये तिनं महाराष्ट्रात बोंडं पोखरली. पिशवीबरोबर बिगरबीटीचं छोटं पाकीट यायचं, ते धुऱ्याकडेला लावायचं होतं, म्हणजे बीटीला न सरावलेल्या अळ्याही शिल्लक राहाव्यात. आपण किती जणांनी लावलं? आम्ही तर फेकून दिलं. फरदड घेतली, कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा ठेवला, अळीला बारा महिने जेवण वाढलं. यात कंपन्यांचा आणि सरकारचा दोष आहेच, तो दुसऱ्या भाषणाचा विषय. पण आपल्या हातात जे होतं तेही आपण सोडलं, हे इथं कबूल करायला हवं.

ज्वारीकडंही पाहा. ज्वारीचा पोंगा मरतो तो खोडमाशीनं, ती घरच्या माशीपेक्षा लहान. खोडकिड्याचा पतंग वाळल्या गवताच्या रंगाचा. २०१८ मध्ये आपल्या देशात आलेल्या अमेरिकन लष्करी अळीचा पतंगही करडाच, अळी ओळखायची ती डोक्यावरच्या उलट्या वाय अक्षरानं आणि शेपटीकडच्या चौकोनातल्या चार ठिपक्यांनी. यातला एकही नजरेत भरणारा नाही. जे नजरेत भरतं ते आपण मारतो, आणि जे लुटतं ते नजरेआड राहतं. हा नियम फक्त किडींचा आहे असं समजू नका.

एक मोटा हिशेब लक्षात ठेवा. दिवसा उडतं, बसल्यावर पंख पाठीवर मिटतं, मिशीच्या टोकाला गाठ असते, ते फुलपाखरू. रात्री उडतं, पंख अंगावर पसरून किंवा छपरासारखे ठेवून बसतं, मिशी दोऱ्यासारखी नाहीतर पिसासारखी, तो पतंग. कापसाच्या तिन्ही बोंडअळ्या पतंगाच्या. याला अपवाद आहेत. आणि सगळी फुलपाखरं साधुसंत आहेत असंही नाही. लिंबू-मोसंबीची कोवळी पानं खाणारी अळी फुलपाखराची, डाळिंब पोखरणारी फुलपाखराची, तुरीच्या शेंगेत शिरणारं एक लहान निळं फुलपाखरूही आहे. म्हणून रंगावर, रूपावर निकाल नको. ती काय खाते ते पाहायचं.

बांधावरची रुई

कुणी विचारील, मग या फुलपाखराचा फायदा काय? ते कापसाचं उत्पन्न वाढवतं असं आम्ही सांगणार नाही. तसं सांगणं म्हणजे आणखी एक नकली पिशवी विकणं. पण ज्या रुईवर ते वाढतं त्या रुईकडं नीट पाहा. तिच्यावर पिवळाधमक मावा असतो. तो पाहून आम्ही घाबरायचो. तो मावा रुई-कण्हेरीचा, कापसावरचा मावा वेगळा. मात्र त्या पिवळ्या माव्यावर ठिपक्यांचे ढालकिडे आणि त्यांची पिल्लं जगतात, आणि तेच ढालकिडे पुढं आपल्या पऱ्हाटीवरचा मावा खायला येतात. बांधावर फवारा मारला की आपण आपलेच राखणदार मारतो. त्याच रुईवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा मोठा नाकतोडाही असतो, तो फार झाला तर कोवळ्या पिकावर येऊ शकतो, तेवढ्यावर लक्ष ठेवायचं.

कडव्याचा एक चुलतभाऊ अमेरिकेत आहे, त्याला मोनार्क म्हणतात. कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत हजारो किलोमीटर तो दर हिवाळ्यात उडत जातो. रुईच्याच कुळातल्या एका तणावर त्याची अळी जगते. तिथं मक्याच्या आणि सोयाबीनच्या रानात तणनाशक सरसकट आलं, ते तण रानातून गेलं, आणि मोनार्कची संख्या घसरली. आम्ही तणनाशकाच्या विरोधात नाही. निंदणीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, हे तुमच्याइतकंच आम्ही जाणतो. पण रानात मारायचं तण आणि बांधावर उभी रुई यांत फरक आहे. रुई आपल्या पिकाचं खत खात नाही. मारुतीला शनिवारी हार घालायला जी लागते, तिला बांधावर दोन हात जागा द्यायला काय हरकत आहे?

करायचं काय

भाषण ऐकून घरी गेलं आणि काही केलं नाही, असं नको. म्हणून चार कामं सांगतो. पैसा फारसा लागत नाही.

पहिलं. अनोळखी अळी दिसली की आधी डब्यात धरा. जिच्यावर सापडली ते पान आणि आपल्या पिकाचं पान, दोन्ही द्या. एक दिवस थांबा. काय खाते ते पाहा. रुईचा चीक हाताला लागला तर हात धुवा, डोळ्याला लावू नका. एका दिवसात पीक जात नाही, पण एका चुकीच्या फवाऱ्यानं दिवसाची मजुरी, औषध आणि कधी माणूस जातो.

दुसरं. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा. सापळ्यात रात्रीला आठ पतंग आणि असं सलग तीन दिवस झालं, तर उपाय करायची वेळ आली. एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडून पाहा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली, तर आणि तरच औषध. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा. डिसेंबरअखेर कापूस संपवा, फरदड घेऊ नका.

तिसरं. औषध घ्यायचंच झालं तर त्रिकोणाचा रंग पाहून घ्या, लाल टाळा. मनानं दोन औषधं मिसळू नका. वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका. उपाशीपोटी पंप उचलू नका. फवारणारा रोजंदार असला तर त्याच्या तोंडावर कापड आणि हातात मोजे आहेत का हे पाहणं मालकाचं काम आहे.

चौथं. पिशवी, टॅग, बिल आणि मूठभर बी जपून ठेवा. गावातल्या दहाजणांनी ठेवलं तर नकली पिशवी गावात टिकत नाही. एकट्या पक्ष्याला फसवता येतं. पण ज्या रानात सगळे पक्षी एकमेकांना पाहून शिकतात, तिथं नकलीचं फार चालत नाही.

आमच्या गावात आता पोरांनी एक सवय लावून घेतली आहे. अळी सापडली की डबा येतो काकांच्या ओसरीवर, तालुक्याच्या दुकानात नाही. त्यावर वाद होतात, पैजा लागतात, कधी काकाही चुकतात. पण फवारणीचा निर्णय डबा उघडल्यावर होतो. येळवसीला रानात जेवायला गेलो होतो, तेव्हा त्याच धुऱ्यावर रुईला नवी पालवी होती आणि तिच्यावर ते नारिंगी फुलपाखरू सावकाश फिरत होतं. त्याला आमच्या फवाऱ्याचा राग नव्हता. आम्हाला मात्र उधारीचा आकडा आठवला.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं एक डबा आणावा, त्यात आपल्या रानातली एक अळी आणि ती खाते ते पान असावं. इथंच मांडून पाहू, कोण कुणाचा शत्रू आहे ते.

एवढं बोलून आमचं बोलणं संपवतो. आता भावाचा विषय सुरू करा.